जुन्या गाडीचा पॉवर ब्रेक कमी लागतोय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर या पट्ट्यात जुन्या गाड्या जीव लावून सांभाळणारी बरीच मंडळी आहेत. कोणाच्या दारात वडिलांची कॉन्टेसा उभी आहे, कोणी शेतावरच्या शेडमधून अ‍ॅम्बेसेडर बाहेर काढली आहे, कोणी हौसेने जुनी मर्सिडीज घेतली आहे. ब्रेकबद्दल त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

ब्रेक कमी लागला की गॅरेजमध्ये पहिलं नाव बूस्टरचं, म्हणजे पायाच्या जोरात भर घालणाऱ्या भागाचं, निघतं. दोष मात्र बऱ्याचदा पाईपमध्ये, छोट्या व्हॉल्व्हमध्ये, व्हॅक्यूम (हवा ओढल्यावर उरणारी पोकळी) करणाऱ्या पंपात नाहीतर चाकापाशी असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हा पैसे मोजण्याआधी तपासणी करा. बहुतेक तपासण्यांना खर्च काहीच नाही.

पाय दुखेपर्यंत ब्रेक दाबतो, तरी गाडी थांबंना. सुरुवात कुठून करू?

पेडलपासून. 'ब्रेक कमी लागतो' एवढ्यावरून काहीच कळत नाही. पायाखाली पेडल कसं लागतं ते नीट बघा.

पेडल वरच राहतं, कडक लागतं, जोर लावला तरी गाडी सावकाश थांबते: अशा वेळी व्हॅक्यूमच्या बाजूला बघा. बूस्टर, त्याचा पाईप, चेक व्हॉल्व्ह, इंजिनाचा व्हॅक्यूम. हे सगळं ठीक निघालं तर चाकापाशी: पॅड (डिस्कला घासणारे तुकडे), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि लायनर (ड्रमला आतून घासणारा थर).

पेडल मऊ, स्पंजासारखं लागतं आणि दोन-तीनदा मारलं की वर येतं: ब्रेक ऑइलच्या लाईनमध्ये हवा आहे, किंवा रबरी होज म्हातारे होऊन फुगत आहेत. मागे ड्रम असतील तर लायनर झिजून अ‍ॅडजस्टमेंट सैल झाली असेल, तरीही पेडल खोल जातं.

पाय दाबून धरला की पेडल हळूहळू खाली बसत जातं: मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आतले वॉशर गेले आहेत, नाहीतर कुठेतरी ऑइल गळतंय. अशी गाडी दारातून बाहेर काढू नका.

गाडी एका बाजूला ओढते: त्याचा बूस्टरशी संबंध नाही. बूस्टर चारही चाकांना सारखाच जोर पुरवतो. एका बाजूचा कॅलिपर जाम आहे, होज आतून बंद झालाय किंवा लायनरवर ऑइल आलंय.

बूस्टर नेमकं काय करतो?

मास्टर सिलिंडरच्या मागे जो मोठा गोल डबा दिसतो तो बूस्टर. आत रबराचा पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनाने हवा ओढून घेतलेली असते. ब्रेक दाबला की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा आत येते, पुढे व्हॅक्यूम तसाच राहतो आणि हवेचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. तुमच्या पायाच्या जोरात ही भर पडते.

भर केवढी असते ते पाहा. पडदा २३ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ४१५ चौरस सेंटिमीटर भरतं. व्हॅक्यूम ५०० मिलिमीटर पाऱ्याइतका असेल, तर पडद्यावर सुमारे २८० किलोचा जोर मिळू शकतो. व्हॅक्यूम निम्म्यावर आला की हा जोरही निम्मा, आणि उरलेलं सगळं तुमच्या पायावर. म्हणून बूस्टर शाबूत असूनही कमी व्हॅक्यूमवर पेडल दगडासारखं लागतं.

माझ्या गाडीला मुळात बूस्टर आहे का?

बॉनेट उघडून बघा. पद्मिनी आणि जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम आणि बूस्टर नाही, हीच नेहमीची रचना. १९८४ ते २००२ या काळात निघालेल्या कॉन्टेसाला पुढे डिस्क आणि बूस्टर. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बूस्टर मास्टर सिलिंडरला चिकटलेला नसतो, तो मडगार्डच्या आतल्या बाजूला वेगळा बसवलेला असतो आणि ऑइलची लाईन त्याच्यातून जाते. त्याला आपल्याकडे सर्व्हो म्हणतात.

ज्या गाडीला बूस्टरच नाही, तिचं पेडल आधुनिक गाडीपेक्षा जड लागणारच. तो बिघाड नाही.

बूस्टर घरच्या घरी कसा तपासायचा?

तीन चाचण्या आहेत. तिन्ही करा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला.

पहिली: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. आत साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होतं. आता पाय तसाच दाबून धरा आणि गाडी स्टार्ट करा. इंजिन लागताच पेडल पायाखाली थोडं खाली सरकायला हवं. सरकलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय आणि पडदा काम करतोय. काहीच हललं नाही तर व्हॅक्यूम पोहोचत नाही किंवा बूस्टर गेला. दोन्हींत फरक करायचा तर बूस्टरकडचा पाईप काढून इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालू असताना त्याच्या तोंडावर अंगठा ठेवा. अंगठा जोरात ओढला गेला पाहिजे. ओढला गेला आणि तरी पेडल हललं नव्हतं, तर संशय बूस्टरवर. ओढ नसेल तर बूस्टरला दोष देऊ नका, मागे इंजिनाकडे जा.

दुसरी: इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा. मग पेडल सावकाश दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पहिल्यांदा खोल जाईल, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. असं होत असेल तर बूस्टर हवाबंद आहे. पहिल्यापासूनच कडक असेल तर व्हॅक्यूम टिकत नाही.

तिसरी: इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरा, पाय न हलवता इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पेडल आहे तिथेच राहिलं पाहिजे. ते पायाला वर ढकलू लागलं तर व्हॅक्यूम बाहेर चाललाय. तेच पेडल खाली जाऊ लागलं तर मामला ऑइलचा आहे, मास्टर सिलिंडर बघा.

सकाळी ब्रेक छान लागतो, दुपारी गाडी तापली की कडक होतो. असं कशामुळे?

हा प्रश्न आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हमखास येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा बूस्टरच्या रबरी पाईपमध्ये सापडतं.

परभणीकडची एक कॉन्टेसा अशीच होती. बूस्टर नवा, मास्टर सिलिंडरचं किट नवं, पॅड नवे. सकाळी गावात फिरवली की तक्रार नाही. ऊन चढल्यावर हायवेला तासभर चालवली की पेडल दगड. गार इंजिनावर सगळ्या चाचण्या पास होत होत्या. मग गाडी तापवून, इंजिन चालू ठेवून पाईपवर हात फिरवला. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) वळणापाशी पाईप बोटांना चपटा लागला, दोन्ही भिंती आतून एकमेकींना चिकटलेल्या. कोणीतरी तिथे डिझेलचा साधा रबरी पाईप बसवला होता. डिझेलच्या पाईपला आतून बाहेरचा दाब सोसायचा असतो, बूस्टरच्या पाईपला बाहेरून आतला. ४२-४३ अंशांच्या उन्हात बॉनेटखालची उष्णता वेगळी. साधं रबर मऊ पडतं, व्हॅक्यूम त्याला आत ओढतो आणि रस्ता बंद होतो. इंजिन गार झालं की पाईप पुन्हा गोल. बॉनेट उघडून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

म्हणून पाईप घेताना दुकानात 'ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम होज' असंच मागा. भिंत जाड असते आणि आत कापडाचा धागा असतो. आतला व्यास मूळ पाईपाइतकाच हवा. वळण आवळलेलं नको, पाईप एक्झॉस्टला टेकलेला नको. गाडी शेतावरच्या शेडमध्ये उभी राहत असेल तर पाईप पूर्ण लांबीभर हाताने चाचपा, खालच्या बाजूनेही. उंदीर तिथेच कुरतडतात.

चेक व्हॉल्व्ह कसा ओळखायचा?

पाईप बूस्टरमध्ये जिथे घुसतो तिथला प्लास्टिकचा छोटा तुकडा. काही गाड्यांत तो पाईपच्या मधोमध असतो. हवा फक्त इंजिनाच्या दिशेने जाऊ देणं एवढंच त्याचं काम. काढून स्वच्छ पुसा आणि इंजिनाकडच्या तोंडाला छोटी नळी लावून बघा. ओढली तर हवा यायला हवी, फुंकली तर जाता कामा नये. दोन्हीकडून जात असेल किंवा कुठूनच जात नसेल तर बदला. ज्या रबरी गाळ्यात तो बसतो तो गाळाही सोबत बदला, कारण कडक झालेल्या गाळ्यातूनच हवा शिरते.

व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजवर किती आकडा दिसायला हवा?

समुद्रसपाटीला चांगलं पेट्रोल इंजिन आयडलवर १८ ते २१ इंच पारा दाखवतं. पुस्तकातले आकडे तिथले असतात. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, त्यामुळे इथे तेच निरोगी इंजिन सुमारे दोन इंच कमी दाखवेल, म्हणजे १६ ते १९. नांदेड त्याहून खाली आहे, तिथे फरक सव्वा इंचाच्या आसपास. हे ध्यानात ठेवा, नाहीतर पुस्तक बघून चांगलं इंजिन उघडलं जाईल.

काटा स्थिर पण १२-१३ वर असेल तर इग्निशन टायमिंग मागे पडलंय किंवा मॅनिफोल्डच्या अथवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. काटा ठरावीक लयीत झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. या दोन्ही वेळी ब्रेकची दुरुस्ती म्हणजे इंजिनाची दुरुस्ती. ट्यूनिंग करून घेतल्यावर ब्रेक आपोआप सुधारलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत.

बूस्टरचा पाईप मॅनिफोल्डच्या मुख्य, मोठ्या तोंडालाच जोडलेला आहे ना, हेही बघा. डिस्ट्रिब्युटरसाठी कार्बोरेटरवर जी बारीक नळी असते तिच्यावर बूस्टर चालत नाही.

गाडीला नंतर डिझेल इंजिन बसवलंय. तेव्हापासून ब्रेकला दम नाही.

मराठवाड्यात हा प्रकार फार आहे. पेट्रोल परवडेना म्हणून कोणे एके काळी गाडीत डिझेल इंजिन टाकलं गेलं, इंजिन उत्तम चालतं, आणि ब्रेकचा विचार कोणी केलाच नाही.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, तिच्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. बहुतेक डिझेल इंजिनांत हवा मोकळी जाते, मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम नसतो. म्हणून डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच इंजिनांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. बूस्टरचा पाईप थेट डिझेलच्या मॅनिफोल्डला जोडलेला दिसला, तर गाडी बूस्टरशिवायच चालली आहे असं समजा.

पंप असूनही जोर कमी असेल तर या क्रमाने जा. आधी बेल्ट: सैल बेल्ट घसरतो, मग बॅटरीही नीट चार्ज होत नाही आणि ब्रेकही कडक. दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर उत्तर जवळजवळ हातात आलंच. मग पंपाला ऑइल पोहोचवणारी बारीक पाईप. पंपाच्या आतली पाती इंजिन ऑइलवरच हवा धरतात; पाईप तुंबली तर पाती कोरडी पडून झिजतात. त्यानंतर ऑइल परत नेणारा जाड पाईप, तो दबला तर पंपात ऑइल साचतं. शेवटी पंप. गेज लावून बघा: चांगला पंप समुद्रसपाटीला २४ ते २७ इंच देतो, संभाजीनगरला दोनेक इंच कमी धरा. इंजिन सुरू केल्यावर काटा झपाट्याने वर गेला पाहिजे. रेस केल्यावरच काटा चढत असेल आणि आयडलवर पडत असेल, तर पंप झिजलाय.

आणि बूस्टरचा पाईप काढल्यावर आत इंजिन ऑइल दिसलं तर तिथेच थांबा. चेक व्हॉल्व्ह खराब झाल्यामुळे पंपाचं ऑइल बूस्टरमध्ये शिरलंय. ते पडद्याच्या रबराला फुगवतं. नुसता पंप बदलून भागणार नाही, बूस्टरही उघडावा लागेल.

जुन्या डिझेल मर्सिडीजला पंप कंपनीचाच असतो, पण तिथे त्याच व्हॅक्यूमवर दरवाज्यांची कुलपं आणि इंजिन बंद करायची यंत्रणाही चालते. चावी बंद केली तरी इंजिन लगेच थांबत नसेल आणि ब्रेकही जड असेल, तर त्या बारीक नळ्यांमधली गळती शोधा.

एलपीजी किट आहे. त्याचा काही संबंध?

कधीकधी. मिक्सर बसवताना कार्बोरेटरखालचं गॅस्केट नीट बसलं नसेल तर तिथून हवा शिरते. कधी किटची नळी बूस्टरच्या पाईपलाच टी लावून जोडलेली असते. ती टी काढून टाका. बूस्टरच्या पाईपवर दुसरं काहीही नको.

ब्रेक दाबला की फुस्स आवाज येतो आणि इंजिन बंद पडायला बघतं.

दाबताना क्षणभर हवेचा आवाज येणं स्वाभाविक आहे. पाय स्थिर ठेवल्यावरही आवाज चालूच राहिला तर पडदा किंवा मागचा एअर व्हॉल्व्ह गळतोय. ती हवा मॅनिफोल्डमध्ये जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन लडखडतं. खात्री करायची तर बूस्टरचा पाईप कापडात गुंडाळून व्हाइस ग्रिपने आवळा. आयडलिंग लगेच सुधारलं तर गळती पाईपच्या पुढे, बूस्टरकडे आहे.

पेडलच्या दांडीभोवती, केबिनच्या बाजूला, बूस्टरचा फोमचा छोटा फिल्टर असतो. आपल्याकडच्या धुळीने तो लिंपला जातो. मग ब्रेक उशिरा लागतो आणि उशिरा सुटतो. चालकाच्या पायाशी वाकून टॉर्च लावल्याशिवाय तो दिसत नाही.

ब्रेक ऑइल कमी होतंय, पण गळती कुठेच दिसत नाही.

मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या सांध्यात बघा. मास्टर सिलिंडरचा मागचा वॉशर गेला की ऑइल बूस्टरमध्ये उतरतं. बाहेर थेंबही पडत नाही. मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो पुढे ओढा. खालच्या कडेला ओल किंवा रंग सोललेला दिसेल. बूस्टर पुरेसा भरला तर हे ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. हेड गॅस्केट गेलं असं समजून इंजिन उतरवण्याआधी इथे नजर टाका.

मास्टर सिलिंडरची नळी गंजून खड्डे पडले असतील तर नुसतं किट टाकून उपयोग नाही. नवे वॉशर त्याच खड्ड्यांवर पुन्हा फाटतात.

बूस्टर, व्हॅक्यूम सगळं ठीक आहे, तरी पेडल कडकच.

मग चाकं उघडा. लांब मुदत उभ्या असलेल्या गाडीत कॅलिपरचे पिस्टन गंजाने अडकतात. पॅडवर आरशासारखी चकाकी आली असेल तर ते फक्त घासतात, धरत नाहीत. स्वस्तातले फार कडक पॅडही असंच वागतात. तक्रार बूस्टरची वाटते आणि पॅड बदलले की संपते.

रबरी होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सुजून बंद होतो. एक खूण: ब्रेक सोडल्यावर एक चाक जड फिरत असेल तर त्या चाकाचं निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) जरा उघडा. ऑइलचा फवारा येऊन चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता, होज बदला. निप्पल उघडूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपर जाम आहे.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तोंडाने फुंकू नका. पाण्याने ओलं करून पुसा. गॅरेजमधल्या पोरालाही हे सांगा, त्याची फुप्फुसं आयुष्यभर पुरायची आहेत.

दुसऱ्या गाडीचा बूस्टर बसवला तर चालेल?

बसतो, पण मधली दांडी बघितल्याशिवाय नको. बूस्टरमधून निघणारी दांडी मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलते. आखूड असेल तर पेडलचा बराच प्रवास फुकट जातो. लांब असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतीची वाट बंद राहते आणि चालता चालता चारही चाकं तापून ब्रेक धरू लागतो. नवा बूस्टर टाकल्यावर 'गाडी ओढत नाही, ब्रेक गरम होतोय' ही तक्रार बहुतेक याचीच असते.

मोजायला पोरांच्या खेळण्यातली रंगीत माती चांगली. दांडीच्या टोकावर मातीची छोटी गोळी चिकटवा, मास्टर सिलिंडर जागेवर ठेवून दोन्ही नट पूर्ण आवळा, पुन्हा काढा. माती किती जाडीची उरली ते बघा. अगदी पातळ पापुद्रा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, उरला पाहिजे. माती पूर्ण दबून धातू दिसत असेल तर दांडी लांब आहे. कित्येक बूस्टरना टोकाशी अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू असतो. नसेल तर ग्राइंडरने घासायच्या भानगडीत पडू नका, योग्य बूस्टर शोधा.

मूळ बूस्टर हातात असेल तर माझा कौल तो दुरुस्त करून घेण्याकडे आहे. मात्र घरी उघडू नका. आत मोठी स्प्रिंग दाबलेली असते.

कोणतं ब्रेक ऑइल टाकू? हवा कशी काढू?

कंपनीने सांगितलं असेल ते, साधारणपणे डॉट ३ किंवा डॉट ४. दोन्ही हवेतली ओल शोषतात. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. घाटात ब्रेक तापले की तीच ओल वाफ होते आणि पेडल खाली जातं. दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी उभीच राहिली असली तरी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळू नका. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंग ऑइल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही नको, पार्ट धुवायलाही नको. सगळे रबर फुगतात.

हवा काढताना इंजिन बंद ठेवा आणि आधी पेडल मारून व्हॅक्यूम संपवा. सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे साधारण मागचं डावं. वेगळा सर्व्हो असेल आणि त्याला निप्पल असेल तर पहिल्यांदा ते. जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल तळापर्यंत दाबू नका. नळीचा तो भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेला असतो आणि वॉशर तिथे फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

पद्मिनीला बूस्टर बसवून घेऊ का?

माझं मत: आधी नको. ड्रममध्ये फिरता ड्रमच पुढच्या शूला (लायनर बसवलेल्या पट्टीला) आत ओढून जोर वाढवतो, म्हणून ड्रमच्या गाड्या बूस्टरविना निभावतात. डिस्कमध्ये तसं होत नाही, म्हणून तिथे बूस्टर लागतो. ड्रम गोल करून घ्या, शू पूर्ण टेकतात का बघा, अ‍ॅडजस्टमेंट बरोबर करा. यानेच बहुतेकांचं समाधान होतं. एकेरी लाईनच्या जुन्या मास्टर सिलिंडरवर बूस्टर टाकला तर दाब वाढतो, आणि तो सोसायचा असतो जुन्या, गंजक्या पाईपांना.

कायद्याचाही विचार करा. मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यातही गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. आरटीओत आधी विचारा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून, इंजिन बंद करून सोडली तर?

कधीही नाही. कन्नडच्या औट्रम घाटात, मांजरसुंब्याला, खुलताबादहून दौलताबादकडे उतरताना पेट्रोल वाचवायला हे करणारे लोक अजून आहेत. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक मारण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. चौथ्या वळणावर पेडल कडक होतं आणि गाडीचा वेग तोच असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

चालत्या गाडीत ब्रेक गेला तर काय करायचं?

पेडल कडक झालं असेल तर पंप मारू नका. प्रत्येक वेळी पाय सोडताना उरलेला व्हॅक्यूम संपतो. एकदाच, गरज पडल्यास दोन्ही पायांनी, दाबून धरा आणि गिअर उतरवत जा. बूस्टर गेला तरी पेडलची मास्टर सिलिंडरशी जोडणी लोखंडी दांडीची असते, ब्रेक लागतो, जोर खूप लागतो.

पेडल खाली जात असेल तर उलट: पटापट पंप मारा, गिअर उतरवा, हँडब्रेक बटण दाबून हळूहळू ओढा. हा फरक घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा.

सुटे भाग कुठे मिळतील?

किट, वॉशर, होज गावातल्या चांगल्या दुकानात मिळतात; जुना नमुना हातात घेऊन जा. जुन्या मॉडेलचे मोठे भाग पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात, नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटला शोधावे लागतात. वापरलेला बूस्टर घेताना पाईपच्या तोंडाशी नळी लावून हवा ओढा आणि नळी बोटाने बंद करून धरा. ओढ टिकली पाहिजे. रबरी वॉशर मात्र वापरलेले घेऊ नका, आणि पाकिटात वर्षानुवर्षं पडून कडक झालेले नवेही नको. बोटांनी वाकवून बघा, चिरा दिसल्या तर परत द्या.

दुरुस्तीनंतर गाडी कशी तपासू?

आधी जागेवर, इंजिन चालू ठेवून जोराने दाबा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून गळती बघा. हँडब्रेक धरतो ना ते पाहा. मग मोकळ्या मैदानात २० च्या वेगाने, नंतर सामसूम कोरड्या डांबरी रस्त्यावर ४० ने. ४० ला चांगल्या ब्रेकची गाडी दहा-बारा मीटरमध्ये थांबायला हवी. ८० च्या वेगाला चाकांना चौपट ऊर्जा जिरवायची असते, तेव्हा ४० चा निकाल बघून लगेच समृद्धीला जाऊ नका. आठ-दहा किलोमीटर फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ते धरतंय. चारही तापली असतील आणि तुम्ही ब्रेक फारसा वापरलाच नसेल, तर मास्टर सिलिंडर पुन्हा काढा आणि दांडी मोजा.